कोऱ्या कागदावरची चार पानं

कृषी सहायक ताईंना,
सप्रेम नमस्कार.

मळणी झाली, सोयाबीन घरात आलं, तरी तुमचे आभार राहून गेल्याची रुखरुख जात नाही. म्हणून हे उघड पत्र.

तुमच्या आधी आलेले गृहस्थ गाडीवरून उतरलेसुद्धा नाहीत. बांधाकडेची, अळ्यांनी खाल्लेली शेंड्याची पानं बघून "पार चाळण झाली" म्हणाले आणि कीडनाशक नि बुरशीनाशक एकत्र मारायची चिठ्ठी देऊन गेले. तुम्ही चिखल तुडवत आत शिरलात. पाच ठिकाणी थांबून दर ठिकाणी वरचं, मधलं आणि खालचं पान खुडलंत. वर ४० टक्के खाल्लेलं, मध्ये १५, खाली ५. सरासरी २० टक्के, आणि पीक तीस दिवसांचं, फुलाला अजून अवकाश.

फुलोऱ्याआधी सोयाबीन साधारण ३० टक्के पानांचं नुकसान सोसतं. नवी पानं येत असतात, बगलेतून फुटवे निघतात, आणि वरच्या पानांना भोकं पडली की ऊन खाली उतरून सावलीतली पानं कामाला लागतात. फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंत मात्र मर्यादा १५ ते २० टक्क्यांवर येते. तेव्हा नवं पान मोजकंच येतं. शेंगा धरताना पानं गेली तर कोवळ्या शेंगा गळतात, दाणे भरताना गेली तर दाणा बारीक राहतो. हवेतला नत्र पिकासाठी बांधणाऱ्या मुळांवरच्या गाठीही पानांनी केलेल्या साखरेवरच जगतात. ती आटली की नत्र बांधणं मंदावतं, तेही दाण्याला नत्राची सर्वांत जास्त ओढ असते तेव्हा. अगदी शेवटी पिवळी होऊन झडतात ती पिकल्याची पानं, तो तोटा नव्हे.

शेंड्यावर पांढऱ्या पडून कडक झालेल्या अळ्या तुम्हीच दाखवल्यात. त्यांना मारणारी बुरशी आपल्या बाजूची. चिठ्ठीतल्या बुरशीनाशकाने तीच मेली असती.

पण ताई, सगळ्यात मोलाचं होतं ते निघतानाचं. वहीचा कोरा कागद फाडून तुम्ही त्यावर चार पानं चिकटवलीत आणि खाली पेनानं लिहिलंत: ५, १५, २०, ३०. भोकांतून कागदाचा पांढरा रंग दिसतो, तेवढंच पान गेलं. नजरेला १५ टक्के नेहमी ३० वाटतात, हे त्या कागदानं एका क्षणात पटवलं. समोरच्याला अडाणी न धरता मोजायला शिकवणं, यापेक्षा वेगळी सज्जनता काय असते?

पानं आता वाळून तपकिरी झालीत, भोकं तशीच आहेत. शेजारच्या तीन घरांनी कागद मागून नेला. पुढच्या खरिपात उडदाच्या पानांचा असाच एक कागद करून द्याल का?

तुमचा,
एक सोयाबीन उत्पादक