इंग्रज जमीनदार घराण्यांच्या वंशावळी आणि पुराव्याचा प्रश्न

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उत्तर पेशवाईतील इंग्रज वकील आणि अधिकारी यांच्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत येणारे लेख मी आवर्जून वाचतो. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स वॉर मॅलेट यांच्यावरील अलीकडच्या लेखात, १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमबरोबर इंग्लंडात उतरलेल्या विल्यम मॅलेटचे ते थेट वंशज होते, असे एका वाक्यात सांगून लेखक पुढे गेले आहेत. हे विधान इंग्रजी छापील ग्रंथांतून पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे, त्यामुळे ते उचलल्याबद्दल लेखकांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र इंग्लंडमधील जमीनदार घराण्यांच्या वंशावळी कोणी, कशा आणि कशासाठी तयार केल्या, हे ठाऊक असल्याशिवाय त्यांच्या आधाराने इतिहास लिहिणे धोक्याचे आहे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी हे पत्र.

ज्यांना इंग्लंडात ‘लँडेड जेंट्री’ म्हणतात ती घराणी उमरावांच्या खालच्या पायरीवरची. पार्लमेंटच्या लॉर्ड्स सभेत, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, त्यांना जागा नसे. पण स्वतःच्या जमिनीच्या खंडावर ती जगत, गावातल्या मोठ्या वाड्यात राहत, ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून परगण्याचा न्यायनिवाडा करत आणि कॉमन्स सभेत निवडून जात. बॅरोनेट हा किताब वंशपरंपरेने चालत असला तरी तो धारण करणाराही लॉर्ड्समध्ये बसत नाही. मॅलेट यांना १७९१ मध्ये मिळाला तो हाच किताब.

या वर्गाच्या वंशावळी प्रथम पद्धतशीर लिहिल्या गेल्या त्या ढालचिन्हांच्या, म्हणजे घराण्याची ओळख म्हणून ढालीवर मिरवल्या जाणाऱ्या चिन्हांच्या, तपासणीत. या चिन्हांचा कारभार पाहणाऱ्या कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेला १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्ड राजाने सनद दिली आणि १५३० पासून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिचे अधिकारी, म्हणजे हेरल्ड, काउंटी-काउंटीतून (काउंटी म्हणजे इंग्लंडातला जिल्हा) फेऱ्या काढत राहिले. हेरल्ड परगण्याच्या ठिकाणी मुक्काम करी आणि आसपासच्या ‘जंटलमन’ म्हणवणाऱ्यांना बोलावणे धाडी. ते जुनी खरेदीपत्रे, मोहोरा किंवा नुसतीच घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण घेऊन हजर होत. हेरल्ड त्यावरून वंशवृक्ष काढी आणि कुटुंबप्रमुख त्याखाली सही करी. ज्यांना ढालचिन्हाचा हक्क शाबीत करता येत नसे त्यांची नावे जाहीरपणे नाकारली जात. यातली मेख अशी की आजोबा-पणजोबांपर्यंतची माहिती बहुधा चोख असे, कारण ती सांगणारा माणूस समोर उभा असे. त्यामागच्या शतकांसाठी हेरल्डला घराण्याच्या सांगण्यावर किंवा स्वतःच्या कल्पकतेवर विसंबावे लागे. दोन्ही भाग मात्र एकाच शाईने, एकाच कागदावर उतरले आणि पुढच्या वाचकाला त्यांतला फरक दिसेनासा झाला.

एकोणिसाव्या शतकात जॉन बर्क यांनी या सामग्रीला छापील रूप दिले. किताब नसलेल्या जमीनदार घराण्यांचा त्यांचा ग्रंथ १८३३ ते १८३८ या काळात चार खंडांत निघाला आणि पुढच्या आवृत्त्यांत तो ‘लँडेड जेंट्री’ या नावाने प्रसिद्ध झाला. आज इंटरनेटवरील बहुतेक वंशवृक्षांच्या मुळाशी हाच ग्रंथ असतो. त्यातील माहिती मुख्यतः त्या त्या घराण्यानेच पुरवलेली असे आणि प्रारंभीच्या आवृत्त्यांत तिची छाननी फारशी झाली नाही. इतिहासकार एडवर्ड फ्रीमन यांनी १८७७ मध्ये या वंशावळकारांवर कडक टीका केली. त्यांच्यानंतर जे. होरेस राउंड यांनी तर एकेक दावा मूळ कागदांशी ताडून पाहिला.

राउंड यांनी निकालात काढलेले फील्डिंग घराण्याचे प्रकरण अवश्य सांगण्यासारखे आहे. वॉरिकशरमधील न्यूनम पॅडॉक्स येथील हे जमीनदार घराणे १६२२ मध्ये डेनबीच्या अर्लपदापर्यंत, म्हणजे उमरावांच्या वरच्या पायरीपर्यंत, चढले आणि त्यानंतर आपण ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटांच्या कुळातले आहोत असे सांगू लागले. तेराव्या शतकात हॅब्सबर्ग कुळातला एक पुरुष इंग्लंडात आश्रयाला आला आणि ऱ्हाइनफेल्डेन या गावावरून फील्डिंग हे नाव पडले, अशी ती कथा. तिच्या समर्थनार्थ जुने दस्तऐवजही पुढे करण्यात आले. विल्यम डगडेल यांच्यासारख्या नामवंत हेरल्डने ती मान्य केली; रोमन साम्राज्याचा इतिहासकार गिबन याने आपल्या आत्मकथनात ती खरी धरून कादंबरीकार हेन्री फील्डिंगला सम्राटांचा भाऊबंद ठरवले. हे दस्तऐवज बनावट असल्याचे राउंड यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले, तेव्हा कुठे अडीचशे वर्षांची ही समजूत कोसळली. डगडेल आणि गिबन जिथे फसले तिथे आपण केवळ छापील पानावर विश्वास ठेवून निर्धास्त राहू शकत नाही.

राउंड यांच्या टीकेचा रोख मुख्यतः उमराव घराण्यांवर होता आणि उमरावपदांचा इतिहास कागदपत्रांच्या आधारे सांगणारे मोठे कोशही पुढे तयार झाले. किताब नसलेल्या हजारो जमीनदार घराण्यांच्या वाट्याला तेवढी तपासणी आलेली नाही, म्हणून खरी सावधगिरी तिथेच हवी.

दुसरी अडचण नावांची आहे. या वंशावळी वाचताना आपण रक्ताची परंपरा शोधतो, पण त्या चालतात जमिनीच्या मागे. हॅम्पशरमधील चॉटन या गावचे नाइट घराणे पाहा. मूळ पुरुषवंश संपल्यावर ही मालमत्ता नात्यातल्या वेगवेगळ्या माणसांकडे जात राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाने नाइट हे आडनाव धारण केले. त्यांतले टॉमस ब्रॉडनॅक्स हे १७२७ मध्ये एका वारशासाठी मे झाले आणि १७३८ मध्ये चॉटनसाठी नाइट झाले. दोन्ही वेळा त्यासाठी पार्लमेंटचा कायदा करून घ्यावा लागला. त्यांच्या मुलाला मूलबाळ नव्हते, म्हणून त्याने दूरच्या नात्यातील एडवर्ड ऑस्टिन याला वारस केले आणि १८१२ मध्ये एडवर्डही नाइट झाला. कादंबरीकार जेन ऑस्टिन हिचा हा सख्खा भाऊ. चॉटनमधील ज्या घरात ती अखेरची वर्षे राहिली ते याच वारशातले. नुसती आडनावे पाहणाऱ्याला येथे शतकानुशतकांचे एक अखंड घराणे दिसेल.

आता मॅलेट यांच्याकडे येतो. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत प्रत्यक्ष हजर होते असे समकालीन आधाराने म्हणता येते अशी माणसे मोजकीच आहेत आणि विल्यम मॅलेट त्यांतला एक आहे, हे खरे. त्याचा मुलगा रॉबर्ट याच्याकडे सफकमधील आय येथील मोठी जहागीर होती, याची साक्ष १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडातील जमिनींच्या राजाने करवलेल्या पाहणीत, मिळते. सॉमरसेटमध्येही मॅलेट होते. शेप्टन मॅलेट आणि करी मॅलेट या गावांच्या नावांत ते आजही आहेत. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या पंचवीस सरदारांत करी मॅलेटचा एक विल्यम होता, पण त्याच्या मागे मुलीच राहिल्या. सफकचे मॅलेट आणि सॉमरसेटचे मॅलेट यांना जोडणारा दुवा निर्विवाद कागदाने सिद्ध झालेला नाही. पुढे सॉमरसेटमधीलच एन्मोर येथील शाखेची वारस एलिझाबेथ मॅलेट हिने १६६७ मध्ये रॉचेस्टरच्या अर्लशी लग्न केले आणि ती मालमत्ता दुसऱ्या घराण्यांत गेली. आपले चार्ल्स मॅलेट हे एका धाकट्या पातीतले, सॉमरसेटमधील कोम्ब फ्लोरी येथील धर्मोपदेशकाचे चिरंजीव. विल्टशरमधील विल्बरी हाउस त्यांनी हिंदुस्थानातून परतल्यावर विकत घेतले. म्हणजे ‘विल्बरीचे मॅलेट’ हे जमीनदार घराणे पुण्यातल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या कमाईनंतरचे आहे. शिवाय या घराण्याचा छापील इतिहास १८८५ मध्ये लिहिला तो आर्थर मॅलेट यांनी, म्हणजे चार्ल्स यांच्याच मुलाने, मुंबई इलाख्यातील सनदी नोकरीतून निवृत्त झाल्यावर. त्यांनी कष्ट घेतले असतील, परंतु घराण्याच्या प्राचीनतेचा साक्षीदार म्हणून घरच्याच माणसाला किती मानायचे, हे वाचकांनी ठरवावे.

छापील वंशावळीत काय नाही, हेही पाहायला हवे. चार्ल्स मॅलेट पुण्यात असताना अंबर कौर ही स्त्री त्यांच्या सोबत राहत होती. तिच्यापासून त्यांना तीन मुले झाली आणि ती शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारे जेम्स वेल्स यांनी अंबर कौरचेही चित्र काढले होते. पुढे १७९९ मध्ये मॅलेट यांनी वेल्स यांचीच मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केले, त्यांना आठ मुलगे झाले आणि वंशावळीत जागा मिळाली ती या आठांना. त्यांतलेच ह्यू पॉइंट्झ मॅलेट ठाण्याचे कलेक्टर झाले आणि १८५० मध्ये माथेरानला चढून गेले, म्हणून त्यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते. अंबर कौरच्या मुलांचे नाव कोणाला माहीत नसते. अनौरस संततीला जागा न देण्याची त्या ग्रंथांची रीतच होती. मुलींच्या शाखाही लग्नापाशी तोडल्या जात. जमीन ज्याच्याकडे जाणार नाही त्याच्याशी या वंशावळींना कर्तव्य नव्हते.

याचा अर्थ इंग्लंडमधील घराण्यांचा इतिहास कळणारच नाही असा नाही. उलट तिथल्याइतकी अखंड दप्तरे फार थोड्या देशांत टिकली आहेत. राजाकडून जमीन धारण करणारा मेला की स्थानिक पंच शपथेवर त्याची जमीन, वारस आणि वारसाचे वय सांगत. तेराव्या शतकापासून सरंजामी धारणापद्धती मोडेपर्यंत, म्हणजे १६६० पर्यंतच्या या चौकशा उपलब्ध आहेत. अल्पवयीन वारस वयात आला की त्याच्या जन्माविषयी गावकरी साक्ष देत: त्याच आठवड्यात माझा मुलगा जन्मला, त्याच दिवशी मी घोड्यावरून पडून माझा पाय मोडला. वाचताना माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात. तरी अशा आठवणी वेगवेगळ्या प्रकरणांत जवळपास त्याच शब्दांत सापडतात, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही सुरू झाली. १८५८ पर्यंतची मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत दाखल होत आणि त्यांत धाकटी मुले, लग्न झालेल्या मुली, कधी कधी नोकरचाकरही नावानिशी भेटतात. प्रत्येक गावची जहागीर कोणाकडून कोणाकडे गेली हे तळटीपांसह सांगणारा काउंटींचा इतिहास १८९९ पासून तयार होत आहे आणि त्याचा बराच भाग इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. वंशावळीतला दुवा खरा की घुसडलेला, हे बहुतेक वेळा या जमिनीच्या इतिहासावरून कळते.

आपणास विनंती एवढीच की, इंग्रज अधिकाऱ्यांच्या घराण्यांविषयीच्या लेखाखाली वंशाची माहिती कोणत्या आधाराने दिली आहे, याची एक ओळ छापावी आणि ती छापील वंशावळीतून घेतली असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. शिवाय मुंबई इलाख्यातील चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला दरसाल लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि लंडनला न जाताही पाहता येतात. पुणे, ठाणे, रत्नागिरी येथे नोकरी केलेल्या अधिकाऱ्यांवर लिहिणाऱ्यांनी छापील ग्रंथांआधी त्या चाळाव्यात, असेही आपण आपल्या लेखकांना सुचवावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे