सूट गेली, दानही गेले

मा. संपादक,
स. न.

मंगळवारच्या अंकातले ‘कर भरला, आता दान कशाला?’ हे पत्र मी बुधवारी संध्याकाळी वाचले, कारण आपला अंक इंदुरात शिळा होऊनच येतो. पत्रलेखकांचे म्हणणे असे की आयकर भरतोच, त्यातून सरकार गरिबांना फुकट धान्य देते, मग वेगळे दान कशाला? येशूनेही ‘कैसराचे (म्हणजे रोमी सम्राटाचे) ते कैसराला’ म्हटलेच आहे. ते आयकर चोख भरतात, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. पण त्यासाठी येशूला साक्षीला बोलवायचे काही कारण नव्हते. ‘कैसराचे ते कैसराला’ एवढेच ताटात वाढून घ्यायचे आणि ‘देवाचे ते देवाला’ पातेल्यात ठेवून उठायचे, ही जेवणाची रीत आमच्याकडे नाही.

आमची उपासना हिंदीत होते, घरातले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र मराठी. त्यामुळे एक फरक लहानपणीच कानाला लागला. हिंदीत आहे, ‘परमेश्वर को दो’. मराठीत आहे, ‘भरून द्या’. मूळ ग्रीकमध्येही हा फरक आहे. परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहुदी, येशूला विचारतात, कैसराला कर द्यावा की न द्यावा? तिथे साधे ‘देणे’ आहे. येशू उत्तर देताना क्रियापदच बदलतो, ज्याचे आहे त्याला परत करा म्हणतो. मराठी भाषांतरकारांनी ‘भरून’ हा शब्द घातला आणि नेमके बोट ठेवले. आपण विजेचे बिल भरतो, शाळेची फी भरतो, तसाच कर भरायचा. बिल भरून आल्यावर ‘आज वीज कंपनीला मदत केली’ असे मी तरी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

मी ३१ वर्षे एका शाळेत हिशेब लिहिले. निवृत्तीनंतर आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वसतिगृहाच्या देणग्यांची वही माझ्याकडे आली. आमच्यातले एक गृहस्थ दर नाताळला १२,००० रुपये देत. चेकनेच देत, कारण २,००० च्या वर रोख दिले तर ८०-जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सूट मिळत नसे, हे त्यांना पाळकसाहेबांच्या प्रवचनापेक्षा पक्के पाठ. एका वर्षी पावतीवर त्यांच्या पॅन नंबरातला एक आकडा माझ्या हातून चुकला. भर पावसात स्कूटरवर शहराच्या त्या टोकाहून आले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, आणि दुरुस्त पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवल्यावरच उठले. मला तेव्हा त्यांचे कौतुकच वाटले होते. माणूस शिस्तीचा आहे म्हटले.

गेल्या डिसेंबरात मी नेहमीसारखा फोन केला. म्हणाले, “मॅडम, मी आयकराच्या नव्या पद्धतीत गेलो. तिथे ८०-जी मिळत नाही. तेव्हा यंदा राहू द्या.” दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी टाक म्हणून सांगावे, त्या सुरात. वर आणखी, “टॅक्स भरतोच आहे ना आपण? फुकट धान्य देतेय की सरकार.” म्हणजे शब्दन् शब्द आपल्या पत्रलेखकांचा! मला तर शंकाच आली, पण आपले पत्रलेखक पुण्याचे निघाले.

१२,००० म्हणजे आठवड्याला साधारण २३० रुपये. एवढ्यात वसतिगृहातल्या मुलांची रविवारची अंडी येत असत. जानेवारीपासून ती बंद आहेत. फुकट धान्यात अंडी नसतात, हे त्या गृहस्थांना कोणीतरी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. ते आजपर्यंत खुपते आहे, आणि हे पत्र एवढे लांबतेय त्याचे खरे कारण बहुधा तेच असावे.

नव्या पद्धतीवर माझा राग नाही. मीही त्याच पद्धतीत आहे, पेन्शनवालीला तीच परवडते. राग आहे तो दोन खाती एकात मिसळण्यावर. बायबलमधला जक्कय तर जकातदारांचा मुख्य, आपल्या सगळ्यांपेक्षा त्याला करातले जास्त कळत होते. येशूला पाहायला तो उंबरावर चढला, आणि खाली उतरल्यावर त्याने काय केले? अर्धे धन गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो म्हणाला. ही दोन वेगळी कलमे आहेत. चौपट परत केले की तेच गरिबांना पोचले, असा हिशेब त्याने लावला नाही. प्रेषित पौलही करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की भाग पडते म्हणून देऊ नका, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. आमचे पत्रलेखक भाग पडते म्हणून जे भरतात, त्यालाच संतोषाचा मान मागताहेत.

जे देणे लागतो त्यालाच दान म्हणायची खोड इंदुरातही आहे. इथली हुकुमचंद कापडमिल बंद पडल्याला तीस वर्षे उलटली, आणि २५ डिसेंबर २०२३ ला कामगारांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश दिला गेला. त्या दिवशी आमच्याकडे करंज्या खायला आलेले शेजारी म्हणाले, “बघा, कामगारांना सरकारची नाताळची भेट!” अहो, भेट कसली? घामाचे पैसे होते, तेही इतक्या उशिरा की कित्येकांच्या पश्चात बायकामुलांनी घेतले.

पत्राच्या शेवटी ‘पाद्री आणि नन मात्र कर भरत नाहीत’ असा चिमटा आहे. त्यांनी ७ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मगुरूंच्या आणि नन्सच्या पगारातून आयकर कापायचाच, दारिद्र्याचे व्रत घेतले आणि पगार आपल्या धर्मसंघाला दिला तरी कापायचा, असे त्यात स्पष्ट आहे. मी प्रॉटेस्टंट, आमच्या मंडळीत नन नाहीत, पण मला तो निकाल पटला. यरुशलेमच्या मंदिराच्या करातून पुत्र, म्हणजे घरचेच, मोकळे आहेत असे खुद्द येशू म्हणाला, आणि तरी लोकांना अडखळण नको म्हणून शिष्य पेत्राला मासा धरायला पाठवून त्याच्या तोंडातल्या नाण्याने दोघांचा भरला. सूट हाताशी होती, घेतली नाही. (मासा पकडून कर भरायची सोय आता आयकराच्या पोर्टलवर नाही, एवढाच फरक.)

जाता जाता आणखी एक. आपल्या नाताळच्या पानावर ‘ख्रिस्ती बांधवांनी येशूची आरती केली’ असे छापले होते. आमच्याकडे आरती नव्हे, उपासना होते, असे मी २७ डिसेंबरला पत्र धाडले होते. ते छापले नाहीत. हे छापाल तर कृपया कापू नका, आणि कापायचेच झाले तर अंड्यांचे वाक्य ठेवा. गुरुवारचा अंक अजून आलेला नाही.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस, इंदूर
(नाव छापू नये, ते गृहस्थ आपलाच अंक घेतात.)