कोकणातल्या पुरासाठी आवाहन, ऑगस्ट २०२१ (कृपया शेवटपर्यंत वाचा)

ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या सगळ्या मेंबरांना नमस्कार,

२२ जुलैला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी घुसलं, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसं गेली, हे तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. आपल्यातल्या कितीतरी जणांचं कुणी ना कुणी चिपळूण-खेड-महाड पट्ट्यात आहे. फोन लागत नव्हते आणि भारत कोविडमुळे ब्रिटनच्या प्रवासबंदीच्या रेड लिस्टवर, म्हणजे जाऊन परत यायचं तर हॉटेल क्वारंटाइन, माणशी १७५० पौंड! आता रविवारी, ८ ऑगस्टला भारत अंबरमध्ये, म्हणजे हॉटेल क्वारंटाइन नसलेल्या यादीत येतोय, पण सगळ्यांना थोडंच निघता येणारे.

नवीन मेंबरांसाठी थोडं जुनं सांगतो. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिकडे पहाटेचे चार वाजायला आले होते आणि इथे आदल्या रात्रीचे साडेअकरा. व्हॉट्सअ‍ॅप नाही, ईमेल नाही, तरी आपल्या तेव्हाच्या अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून एकेका घरी लँडलाइनवर फोन केले आणि वहिनींनी बिस्किटांच्या डब्यात चेक जमवले. तो डबा अजून त्यांच्या किचनमध्ये आहे. नंतर चकल्यांची विक्री झाली ती वेगळीच, नोकरीला नुकते लागलेले लोकसुद्धा आठवड्याचा पगार देऊन गेले होते. २००५ च्या पुरालाही तसंच, आणि या मे महिन्यात कोविडच्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी आपले डॉक्टर मेंबर ड्यूटी संपवून रात्री दोन दोन वाजता भारतात फोनवर होते, त्यांचे आभार मानावेत तेवढे कमीच.

आणि २०१९, सांगली-कोल्हापूरचा पूर. मेल पुन्हा पुन्हा पाठवला, ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा ढीग पडला आणि पैसे आले ते नेहमीच्याच घरांकडून. त्याच आठवड्यात गणपतीच्या जेवणाची तिकिटं मात्र संपली आणि 'अजून दोन मिळतील का' म्हणून मला ऑफिसात फोन! कुणाला दुखवायचं नाही, पण लागलं ते लागलं.

चिपळूणच्या बाजारपेठेत आता चिखल उपसून झालाय आणि दुकानं रिकामी आहेत. धान्य, कपडे पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातूनच भरपूर पोचले, आता हवंय ते गॅस शेगडी, गाद्या, शिलाई मशीन, पोरांची वह्यापुस्तकं, छोट्या दुकानदाराला परत उभं राहायला भांडवल. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं, तिथली पुस्तकंही पाण्यात गेली. २०१३ च्या साहित्य संमेलनाला आपल्यातले जे चिपळूणला गेले होते त्यांना वेगळं सांगायला नको.

आता पैशांचं, नीट वाचा कारण सगळे हेच विचारतात: भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत तिकडच्या संस्थेला थेट पाठवता येतात. ब्रिटिश पासपोर्ट असेल (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी) तर ती फॉरेन देणगी धरतात, म्हणून एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच चालते, आणि मंडळाच्या खात्यातले पैसेही तसेच जातील. मंडळाकडे देणाऱ्यांनी, इथे टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भराच, पौंडामागे २५ पेन्स मंडळाला सरकारकडून जास्तीचे मिळतात, फुकट सोडू नका. खातं नेहमीचंच, रेफरन्समध्ये 'कोकण' आणि आडनाव, २२ ऑगस्टपर्यंत. संस्थांची नावं कमिटी बघून ठरवतेय, ठरली की कळवतो, पावत्या खजिनदार देतील. वीस पौंड दिले तरी चालतील.

गणपती १० सप्टेंबरला आहेत, यंदा जेवण साधं ठेवून उरलेले पैसे यातच घालायचं कमिटीत ठरलंय. कुणाची हरकत असेल तर मला फोन करा, पण आधी देणगी पाठवा आणि मग करा.

आपला,
सेक्रेटरी

ता. क. जुने कपडे माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवू नका. २०१९ चे अजून आहेत.