अंगणातला एकही किडा नको

एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया
४ मे २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची तिकिटं पक्की झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं कामासाठी बाहेरगावी असू. तेवढे दिवस ईशान आणि त्याचा गुंड्या तुमच्या ताब्यात. ईशानचं तुम्हाला काही सांगायला नको, पण गुंड्याच्या खाण्याचं नीट लिहून ठेवतो. फोनवर सांगितलेलं अर्धं निसटतं, म्हणून हे पत्र येताना बरोबर आणा.

गुंड्या म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला सरडा. जुलैत तो चार महिन्यांचा होईल. या वयात साधारण पाऊण हिस्सा जिवंत किडे आणि पाव हिस्सा पाला असं खाणं लागतं. मोठा झाला की प्रमाण उलटं होतं. म्हणजे सध्या त्याची हाडं कशी घडणार हे आपण कोणते किडे देतो आणि त्या किड्यांना काय खायला घालतो, यावर ठरतं.

सगळ्यात आधी काजवे. आपल्याकडे पावसाच्या तोंडाशी भंडारदऱ्याला झाडं लखलखतात ना, तसे इथे जूनच्या शेवटी मागच्या हिरवळीवर काजवे उडायला लागतात. पेनसिल्व्हेनियाने तर १९७४ साली काजव्याला राज्याचा कीटक म्हणून मान दिला. ईशान बरणीत काजवे धरतो, धरू दे. पण ती बरणी घरात येता कामा नये. एक काजवा गुंड्याच्या आकाराच्या सरड्याचा जीव घ्यायला पुरेसा असतो. काजव्याच्या अंगात ल्युसिब्युफॅजिन नावाची द्रव्यं असतात. ती भेकाच्या विषाच्या जातकुळीतली असून थेट हृदयावर काम करतात. इथले बरेच पक्षी आणि कोळी काजवा टाळतात, चुकून तोंडात आलाच तर सोडून देतात. गुंड्याच्या जातीला ती ओळख नाही. हलणारी वस्तू दिसली की तो गिळतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली अशा मृत्यूंची नोंद छापली आहे: आधी तोंड वासणं, डोकं झटकणं, मग अंग काळवंडणं, आणि एक-दोन तासांत खेळ संपतो. घरी करण्यासारखा काहीही उपाय नाही. म्हणून त्याच्या खोलीच्या खिडकीची जाळी संध्याकाळी लावलेली असू द्या आणि ईशानला हात धुतल्याशिवाय गुंड्याच्या राहण्याच्या टाकीपाशी जाऊ देऊ नका.

बाबा, तुम्ही टोमॅटोच्या वाफ्यात रमणार हे ठाऊक आहे. त्या झाडांवर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या दिसतील. तशाच दिसणाऱ्या अळ्या, हॉर्नवर्म, दुकानातही मिळतात. त्या तयार खाद्यावर वाढवलेल्या असतात, म्हणून चालतात. झाडावरची मात्र टोमॅटोचा पाला खाते आणि त्यातली विषारी द्रव्यं तिच्या पोटात असतात. ती द्यायची नाही. लँटर्नफ्लाय म्हणून लाल-करड्या पंखांचा एक परदेशी किडा २०१४ पासून या राज्यात माजला आहे. त्याच्यासाठी झाडांवर औषधं मारतात, तोही नको. शेजाऱ्यांच्या लॉनवर काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही, त्यामुळे नाकतोडे, मुंगळे, कोळी, फुलपाखरं, काही नको. कितीही ताजं वाटलं तरी अंगणातला किडा अंगणातच.

द्यायचे ते विकत आणलेले. गुंड्याचं मुख्य खाणं म्हणजे डुबिया. आई, हे एक प्रकारचं झुरळच, पण आपल्या मोरीतलं नव्हे. याला वास नाही, आवाज नाही, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येत नाही. निसटलं तरी त्याला पैदाशीला उष्ण, दमट जागा लागते, त्यामुळे घरात माजत नाही. हात लावायची गरज नाही, लांब लाकडी चिमटा डब्यावर ठेवलेला असेल. डुबिया कमी पडले तर रातकिडे आणायचे. ते उड्या मारतात, किरकिरतात, ओलसर डब्यात पटापट मरतात आणि घाण वास सुटतो, म्हणून मला दुय्यम वाटतात. तिसरी काळ्या सोल्जर माशीची अळी. बहुतेक किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं असतं. ही अळी त्याला अपवाद आहे. आठवड्यातून तीन-चारदा पाच-सहा अळ्या द्या. मीलवर्म नावाच्या अळीचं कवच कडक आणि पचायला जड, या वयाला टाळलेलं बरं. वॅक्सवर्म ही अळी म्हणजे निव्वळ चरबी. त्याची चटक लागली की तो बाकी काही खात नाही, म्हणून घरात ठेवतच नाही.

आकाराचा नियम एकच: गुंड्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर जेवढं, त्याहून मोठा किडा नको. त्याला स्वतःला याचं भान नसतं, मोठ्यावरही झडप घालतो. मोठा किडा अडकतो, आतडं तुंबतं, मागचे पाय ओढत चालायला लागतो. डब्यावर ‘अर्धा इंच’ लिहिलेलं असलं तरी आत लहानमोठे असतात. डोळ्यांनी बघून निवडा.

विकत आणलेले किडे लगेच देऊ नका. दुकानातून आलेला किडा बहुधा उपाशी असतो, तो दिला तर गुंड्याच्या पोटात नुसतं कवच जातं. किमान २४ तास, जमलं तर ४८, त्यांना गाजर, लाल भोपळा आणि केल या कोबीच्या जातीच्या भाजीची पानं खाऊ घाला. पाणी वाटीत ठेवलं तर रातकिडे बुडून मरतात. गाजराच्या चकतीतला ओलावा त्यांना पुरतो. चकती रोज बदला, बुरशी धरली की अख्खा डबा जातो. डब्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवले आहेत, ते काढू नका. गर्दी झाली की रातकिडे एकमेकांना खातात.

आता कॅल्शियम. झिपच्या पिशवीत चिमूटभर पांढरी पूड, त्यात एका वेळचे किडे, आणि दोनदा हलक्या हाताने हलवायचं. भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरतो तितकाच थर हवा. जाड थर बसला तर तो तोंड फिरवतो. रोज सकाळच्या खाण्याला कॅल्शियम, आणि बुधवार-रविवारी दुपारच्या खाण्याला मल्टिव्हिटॅमिनची पूड, दोन्ही एकदम नाही. सोल्जर माशीच्या अळीला पूड लावायची नाही.

दिवे सकाळी सातला आपोआप लागतात. तासभर त्याला ऊन खाल्ल्यासारखं दिव्याखाली शेकू द्या, मग खायला. त्याच्या बसण्याच्या दगडावर ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असलं तरच अन्न पचतं. दिवा गेला किंवा वीज गेली तर त्या वेळचं खाणं बंद, थंड पोटात किडे सडतात. दिवसातून तीनदा, दहा मिनिटांत खाईल तेवढंच: डुबिया साधारण सहा-आठ, किंवा रातकिडे दहा-पंधरा. शेवटचं खाणं दिवे मालवण्याआधी दोन तास. उरलेले रातकिडे मोजून बाहेर काढा, रात्री ते झोपलेल्या गुंड्याची बोटं आणि पापण्या कुरतडतात. लांब नळीचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा दिवसा बंद करू नका. तो नसेल तर वरचं कॅल्शियम अंगी लागत नाही.

पाल्यात केल आणि किसलेला लाल भोपळा चालेल. पालक नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. अव्होकाडो तर मुळीच नको, ते विषारी आहे. आणि आई, प्रेमाने दूध-भात, चपाती, पनीर देऊ नकोस.

सरड्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, आणि तुमच्या वयात ते जास्त त्रास देतात. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, बाहेरच्या नळावर. प्रत्येक वेळी साबणाने हात.

जबडा मऊ लागला, पाय थरथरले, दोन दिवस शी झाली नाही किंवा पोट फुगलं तर वाट बघू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर टाकीच्या झाकणावर चिकटवला आहे, ईशानला तो दाखवता येईल. एक दिवस कमी खाल्लं तर मात्र काळजी नको, कात टाकताना असं होतं.

डुबियाचा खोका १ जुलैला दारात येईल. इथल्या उन्हात पायरीवर दोन तास राहिला तरी आतले मरतात, म्हणून बेल वाजली की लगेच आत घ्या, उघडून मेलेले वेगळे काढा आणि बाकीच्यांना गाजर द्या.

कळावे,
तुमचा
अभिजित