घड्याळाला तेल नको

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर म्हणालात, "घड्याळ आणि मी, दोघंही मागे पडायला लागलोय." आधी घड्याळाचं बघू. त्यात तेल सोडू नका. जुन्या तेलाचा चिकटा होतो, त्यात धूळ बसली की ती काचकागदासारखी आसांची भोकं घासते आणि भोकं लांबट होतात. वरून तेल घातलं की घाण आणखी आत जाते. सगळं सुटं करून, धुऊन, वाळवून मग भोकाभोकाला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. ते घड्याळजीचं काम.

तुमचं काम लंबकाच्या तबकडीखालच्या नटाचं. वर चढवला की घड्याळ पुढे जातं, उतरवला की मागे. पाव मीटरच्या लंबकात मिलिमीटरभर फरक म्हणजे दिवसाला जवळपास तीन मिनिटं, तेव्हा एका वेळी अर्धाच फेरा द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. मग डोळे मिटून ऐका. 'टिक' आणि 'टक' यांत सारखं अंतर हवं. लंगडत असेल तर पेटीचं खालचं टोक केसभर डावी-उजवीकडे सरकवा. पेटी तिरकी दिसली तरी चालेल, ठोका सरळ पडला पाहिजे.

आता तुमचे गुडघे. मागचं दार जुलैत फुगून अडतं, तेव्हा आपण रंधा मारत नाही, कारण एप्रिलमध्ये तिथेच फट पडते. तसं उठल्या-उठल्या "आता चालणं बंद" असं ठरवू नका. झिजेच्या दुखण्यातला सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. रोज तासभर राहिला किंवा सांधा सुजून गरम लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जायचंच.

आई, चटणी बारीक होत नाही म्हणून तू हातांना बोल लावतेस. पाट्यावरून तळवा फिरवून बघ, काचेसारखा लागेल. टाकी बुजलीय त्याची, म्हणजे छिन्नीने पाडलेल्या खाचा झिजल्यात. टाकीवाली आली की वरवंट्यालाही लावून घे, एकालाच लावून उपयोग नाही. मग मूठभर तांदूळ वाटून टाकून दे, पाट्याची कच निघेपर्यंत, दोनदा-तीनदा. त्यानंतर लसणीची चटणी वाट, आणि मग हातांबद्दल काय ते बोलू.

तुमची,
लेक