जावयांचं मूळ गाव

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही व्हिडिओ कॉलवर जावयांना विचारलंत, "तुमचं मूळ गाव कोणतं?" आणि तो "क्युबेक" म्हणाल्यावर तुमचं समाधान झालं नाही, ते इथूनही दिसलं. उभी हयात तहसील कचेरीत काढलेल्या माणसाला मौजे, तालुका, जिल्हा असंच उत्तर हवं. तर लिहून घ्या: मौजे मोर्तान्य, प्रांत पेर्श, देश फ्रान्स. पॅरिसच्या पश्चिमेला साधारण दीडशे किलोमीटर. एका शाखेचं मूळ तिथे निघालं. दुसऱ्या शाखेचा माग एका जळितापाशी थांबला, तीही हकीकत लिहिते. फोनवर हे सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलात का?" विचारते आणि सगळं बारगळतं, म्हणून पत्र.

हा उद्योग मुळात सासूबाईंचा. वडील गेल्यापासून त्यांच्या मनात होतं की आपली माणसं फ्रान्समधून कुठून आली ते शोधायचं. त्यांची नजर आता बारीक अक्षराला पुरत नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. कधी घरी संगणकावर बसतो, कधी मॉन्ट्रियलच्या व्हिजे रस्त्यावरच्या पुराभिलेखागारात जातो. तिथे निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे असतात आणि सगळे आपापल्या पणजोबांवर जोरजोरात कुजबुजत असतात.

बाबा, तुम्हाला हेवा वाटेल असं दफ्तर आहे हे. फ्रान्सच्या राजाने १५३९ मध्येच हुकूम काढला होता की प्रत्येक चर्चच्या पाद्र्याने बाप्तिस्म्यांची वही ठेवावी. १५७९ मध्ये लग्नं आणि मर्तिकंही लिहायला सांगितली. १६६७ च्या हुकुमाने दोन प्रती ठेवण्याची शिस्त पक्की केली, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयात. हीच पद्धत फ्रेंच लोक समुद्रापलीकडे, इथे कॅनडातल्या आपल्या वसाहतीत घेऊन आले. १७६३ मध्ये फ्रान्सने ही वसाहत इंग्रजांना देऊन टाकली, राज्य बदललं, पण पाद्री लिहीतच राहिले. इतके की १९९३ अखेरपर्यंत क्युबेकमध्ये चर्चची नोंद हीच सरकारी जन्मनोंद म्हणून चालत होती. तुमच्या जावयांचा पहिला जन्मदाखलासुद्धा पाद्र्याच्याच वहीतला आहे.

या वह्यांवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी काम करून ठेवलंय. तांग्वे नावाच्या एका पाद्र्याने सगळी घराणी लावून १८७१ ते १८९० मध्ये सात खंडांचा कोश छापला. पुढे १९४० च्या सुमारास द्रुअँ नावाच्या संस्थेने वह्यांच्या फिल्मा करून घेतल्या. आणि १९६६ पासून मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकसंख्येच्या अभ्यासकांनी १६२१ पासूनची एकेक नोंद संगणकावर चढवून माणसं एकमेकांना जोडली. त्यामुळे इथे दोन-तीन शतकं मागे जाणं सोपं आहे. अवघड आहे ते समुद्र ओलांडणं. इथल्या लग्नाच्या नोंदीत नवरा फ्रान्समधल्या कोणत्या गावचा, कोणत्या चर्चच्या हद्दीतला ते लिहिलेलं असतं. पण पाद्र्याने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, आणि त्या नावाची चार-चार गावं फ्रान्समध्ये आहेत.

अक्षराचं म्हणाल तर मला सारखी तुमच्या मोडीची आठवण येते. लेखणी न उचलता ओढत नेलेले शब्द, अर्धे तोडलेले. महिन्यांची तर गंमतच. सप्टेंबर लिहायचा तर ७ चा आकडा काढून पुढे 'ब्र' असं शेपूट जोडतात, ऑक्टोबरला ८ चा आकडा. जुन्या रोमन पंचांगात मार्चपासून मोजलं की सप्टेंबर सातवा येतो, म्हणून. नवखा माणूस तो जुलै समजून पुढे जातो आणि जन्माच्या आधी बाप्तिस्मा होतो. तुम्ही मोडी शिकवताना सांगायचात, "अक्षर वाचू नका, वाक्य ओळखा," ते इथे तंतोतंत लागू पडलं. पाद्र्याची वाक्यं ठरलेली. तीन रविवार चर्चमध्ये पुकारा केला, कोणी हरकत घेतली नाही, अमक्याच्या मुलाचं तमक्याच्या मुलीशी लग्न लावलं, साक्षीदार हे हे, सही येत नाही असं म्हणाले. साचा पाठ झाला की फक्त नावं आणि गावं तेवढी फोडायची राहतात.

आता मोर्तान्यची गोष्ट. रोबेर जिफार नावाच्या एका वैद्याला क्युबेक शहराजवळ बोपोर इथे जहागीर मिळाली. जमीन मिळाली, पण कसायला आणि बांधायला माणसं नाहीत. त्याने आपल्याच मुलखातली माणसं गोळा केली. १६३४ च्या मार्चमध्ये मोर्तान्यला नोटरीसमोर करार झाला. एका बाजूला जिफार, दुसऱ्या बाजूला झकारी क्लूतिए हा सुतार आणि झाँ गियों हा गवंडी. प्रवास आणि सुरुवातीचं खाणंपिणं जिफारचं, काम या दोघांचं, आणि मोबदल्यात जमीन. क्लूतिएला लिहिता येत नव्हतं. तो सहीच्या जागी कुऱ्हाड काढायचा! कागदांच्या तळाशी ती दोन-तीन रेघांची कुऱ्हाड पाहिली आणि बाबा, मला तुमच्या जुन्या खतांवरच्या नांगराच्या निशाण्या आठवल्या. पुढे जमिनीच्या मानपानावरून या दोघांचा जिफारशी कज्जा जुंपला आणि वर्षानुवर्षं चालला, तेव्हा तेही अगदी आपल्यातलेच वाटले.

या क्लूतिएचा वंश असा फोफावला की १८०० पर्यंत लग्न झालेले त्याचे वंशजच दहा हजारांवर भरतात. त्यामुळे 'आपण क्लूतिएचे' म्हणून इथे कोणी ताठ मानेने फिरत नाही, कारण समोरचाही बहुधा क्लूतिएचाच असतो. झाँ गियोंचंही तसंच. आई, ती गायिका सेलीन डिऑन आहे ना, ती त्या गवंड्याच्या वंशातली. डिऑन हे गियोंचंच बदललेलं रूप. काही लोकांना आपल्या मुळाशी सरदार-उमराव निघावेत असं फार वाटतं आणि ते त्यासाठी वाटेल ती कडी जुळवतात. सासूबाईंना सुतार आवडला. त्यांचे वडीलही सुतारच होते.

पण आम्ही क्लूतिएपर्यंत पोहोचलो ते त्याच्या मुलीकडून. तिचं नाव अ‍ॅन. १६२६ मध्ये मोर्तान्यला बाप्तिस्मा झाला. १६३६ च्या जुलैत तिच्या लग्नाचा करार झाला, रोबेर द्रुअँ नावाच्या वीटवाल्याशी. वसाहतीत तेव्हा नोटरी नव्हता, म्हणून तो करार गियों गवंड्याने लिहिला. कॅनडातला लग्नाचा सगळ्यात जुना करार म्हणून तो ओळखला जातो. मुलगी दहा वर्षांची! चर्चमधलं लग्न पुढच्या वर्षी लागलं. आई, हे वाचताना तुझ्या आजीचंच डोळ्यांपुढे आलं, परकर-पोलक्यात बोहल्यावर चढलेली. अ‍ॅन १६४८ मध्ये गेलीसुद्धा, जेमतेम बाविशीत. तिच्या झनविएव्ह नावाच्या मुलीकडून पुढे तेरा-चौदा पायऱ्या उतरलं की सासूबाई येतात.

आणि यातली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. क्युबेक शहरातलं चर्च १६४० मध्ये जळालं, वह्यांसकट. त्यानंतर पाद्र्यांनी मागची वर्षं लोकांना विचारून विचारून, आठवणीतून पुन्हा लिहून काढली. म्हणजे अ‍ॅनच्या लग्नाची आज जी नोंद दिसते, ती कोणाच्या तरी आठवणीतून उतरलेली आहे. वस्ती इतकी लहान होती की ते जमलं. अख्ख्या वसाहतीची शिरगणती १६६६ मध्ये झाली तेव्हासुद्धा माणसं जेमतेम बत्तीसशे भरली.

आता अडलेली शाखा. सासूबाईंच्या आईची आई, तिची आई, अशा फक्त बायकाबायकांच्या वाटेने मागे गेलो तर एक मारी लागते. (निम्म्या बायका मारीच. त्याने जीव मेटाकुटीला येतो.) ती 'राजाच्या मुलीं'पैकी एक. राजकन्या नव्हेत हं. वसाहतीत पुरुष फार आणि बायका थोड्या, म्हणून चौदाव्या लुईने १६६३ ते १६७३ या काळात सुमारे पावणेआठशे मुली स्वखर्चाने इकडे पाठवल्या. कित्येक पोरक्या, कित्येक पॅरिसच्या अनाथ-निराधारांच्या मोठ्या आश्रमातून आणलेल्या. बऱ्याच जणींच्या लग्नकरारात राजाने दिलेल्या ५० लिव्रांची (तेव्हाचं फ्रेंच चलन) नोंद आहे. आमच्या मारीने करारावर नीट सही केलीय. नवऱ्याला सही येत नव्हती. तो पलटणीतला शिपाई, १६६५ मध्ये इथल्या इरोक्वा आदिवासींशी लढायला आलेल्या कारिन्यां पलटणीतला. तिथल्या शिपायांना टोपणनावं असायची: 'बिनघोर', 'फूल', 'डोंगरकाप्या'. कागदावर खरं आडनाव आणि मग 'ऊर्फ' अमुक. मुलांपैकी एकाने बापाचं आडनाव धरलं, दुसऱ्याने फूल धरलं, आणि तिसरा कधी हे कधी ते. एकाच घरातली भावंडं तीन ठिकाणी शोधायची.

मारीच्या करारात बापाचं नाव आहे, आईचं आहे, पॅरिसमधलं सँ-स्युल्पीस चर्चही आहे. एवढं असल्यावर पुढे जायला हवं होतं. पण पॅरिसच्या वह्यांच्या दोन प्रती होत्या, एक नगरभवनात आणि एक न्यायालयात, आणि १८७१ च्या मे महिन्यात, 'पॅरिस कम्यून' म्हणतात त्या शहरातल्या बंडात, दोन्ही इमारती जळाल्या. दोन प्रती ठेवूनही काही उरलं नाही. सासूबाईंनी ते ऐकलं, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं, मग आता जेवूया." त्या मला आवडतात त्या अशा.

मला खरं तुम्हाला सांगायचंय ते मात्र वेगळंच. या वह्यांत नवऱ्यामुलीच्या नावासमोर तिच्या बापाचं नाव असतं आणि आईचंही, तेही आईच्या माहेरच्या आडनावासकट. मरेपर्यंत बाई तिच्याच आडनावाने नोंदवलेली. साठाव्या वर्षी नातवाच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभी राहिली तरी. म्हणून तर बायकाबायकांच्या वाटेने साडेतीनशे वर्षं मागे जाता येतं. १९८१ पासून तर क्युबेकमध्ये कायद्यानेच लग्नानंतर नाव बदलत नाही. आई, लग्नानंतर माझं आडनाव तेच राहिलं म्हणून तू कुरकुरली होतीस. इथलं दफ्तर माझ्या बाजूने आहे.

सगळ्यांची नोंद अशी भरघोस आहे असं मात्र नाही. त्याच वह्यांत 'पानी' म्हणून लिहिलेली माणसं येतात, इथल्याच आदिवासींपैकी गुलाम केलेली. एखादं पोर, त्याला दिलेलं ख्रिस्ती नाव, पुढे धन्याचं नाव. आईबापाच्या जागी काहीच नाही. कोणाच्या आईचं नाव लिहायचं हे लिहिणारा ठरवत होता.

आता आपल्याकडे पाहा. बाबा, तुमच्या ट्रंकेतली वंशावळ मी लहानपणापासून बघतेय. नऊ पिढ्या. वरपासून खालपर्यंत एकही बाई नाही. त्या नऊ पिढ्यांत सगळे बाप्येच बाप्यांना जन्म देत आले असं कोणालाही वाटेल. आणि आईच्या बाजूचं तर तेवढंही नाही. आई, तुझं नाव लग्नात तांदळात लिहून बदललं, तुझ्या आईचं बदललं, तिच्या आईचंही बदललं असणार. अ‍ॅन क्लूतिएच्या आईचं नाव सँत द्यूपाँ हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या पणजीचं माहेरचं नाव मला ठाऊक नाही. सासूबाईंनी मला ते सहज विचारलं होतं. मी विषय बदलला.

म्हणून काम देते दोघांना. आई, मोठ्या मावशीला फोन लाव. तिने नव्वदी गाठलीय, पण सकाळी दहाच्या सुमारास तिला सगळं आठवतं. आजीचं आणि पणजीचं माहेरचं नाव, गाव, आडनाव, भावंडं, कोणाला कुठे दिली, एवढं विचार. ती भलतीकडे गेली तर जाऊ दे, भलतीकडूनच कामाचं निघतं. फोन स्पीकरवर ठेव आणि बाबांना लिहू दे.

बाबा, तुम्ही कुणबी नोंदींच्या वेळी लोकांना कोतवाल बुकातली मोडी वाचून दिलीत, तशी आता आईच्या माहेरच्या गावची काढा. जन्माच्या नोंदीत बापाचंच नाव असलं तरी गाव आणि साल हाती लागेल. आणि डिसेंबरात आम्ही येऊ तेव्हा त्र्यंबकला जाऊ. आपल्या उपाध्यांच्या नामावळीत तुम्ही आजीचं नाव पाहिलंत म्हणाला होतात. त्याच उपाध्यांना आईच्या माहेरचे उपाध्ये कोण ते विचारून ठेवा. सासूबाईही येतो म्हणतायत. त्यांना ती वही बघायची आहे, आणि त्यांना तिखट अजिबात चालत नाही हे आईने आत्तापासून लक्षात ठेवावं.

वंशावळीचे फोटो पाठवताना कागद सपाट पसरून, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. आणि कृपा करून ते कागद पुन्हा गच्चीत उन्हाला घालू नका. शाई उडते.

तब्येतीला जपा. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते कळवा, टाळू नका.

तुमची,
धाकटी