डार्कथ्रोन, डी-बीट आणि आपल्या पुरवणीतील लेख

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडवर लेख आला. मराठी दैनिकाने या संगीताला अर्धे पान दिले, याचे कौतुक आहेच. पण बँडने ब्लॅक मेटलला (मेटलचा मुद्दाम खरखरीत, काळोख्या वातावरणाचा प्रकार) रामराम ठोकून पंकची (साध्या, वेगवान, ओबडधोबड रॉकची) फॅशन पकडली, हे त्यातले विधान चुकीचे आहे. ते वाचून राजारामपुरी-शाहूपुरीत गिटार-ड्रम घेऊन बसणारी पोरे भलताच अर्थ काढतील, म्हणून हे पत्र.

डार्कथ्रोनचा १९९१ चा पहिला अल्बम डेथ मेटलचा (मेटलचाच जड, गुरगुरत्या गायनाचा प्रकार) होता, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केलेला. १९९२ ते १९९४ या काळात तीन अल्बम आले आणि ब्लॅक मेटलची ओळखच त्यांनी ठरवली. त्यातला तिसरा तर घरी, चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केलेला. (त्याच्या मलपृष्ठावरचे वंशवादी वाक्य नंतर काढावे लागले, बँडला माफीही मागावी लागली. लेखात याचा उल्लेख हवा होता. नॉर्वेत चर्च जाळल्याबद्दल शिक्षा झालेल्या ब्लॅक मेटल वादकांत मात्र या बँडचे दोघे सदस्य नव्हते.) २००६ च्या ‘द कल्ट इज अलाइव्ह’पासून पंकचा ठेका उघडपणे पुढे आला. त्याच वर्षीच्या छोट्या रेकॉर्डवर त्यांनी सूक्सी अँड द बॅन्शीज या पंकमधून आलेल्या ब्रिटिश बँडचे गाणे वाजवले आहे. २०१३ च्या अल्बममध्ये जुने हेवी मेटल आले, उंच पट्टीतल्या गायनासकट. त्यातले शेवटचे गाणे तेरा मिनिटांहून लांब आहे. तेवढा वेळ पंकवाले पाच-सहा गाण्यांना पुरवतात.

मुळात ब्लॅक मेटल आले कुठून? इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडचा पहिला अल्बम १९८१ चा, आणि १९८२ च्या दुसऱ्याने या प्रकाराला नाव दिले. व्हेनममध्ये मोटरहेड या ब्रिटिश रॉक बँडचा वेग आहे आणि पंकचा ओबडधोबडपणाही. १९८२ लाच स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्ज या पंक बँडचा पहिला अल्बम आला. स्वीडनचा बॅथरी, स्वित्झर्लंडचा हेलहॅमर ही त्यापुढची पिढी. डार्कथ्रोन त्यांच्याही नंतरचा, म्हणजे पंक त्याच्या मुळातच आहे. अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात हे वेगळे सांगायला नको: गवई गुरूच्या गुरूची बंदिश गायला बसला, तर त्याने घराणे सोडले असे कुणी म्हणत नाही.

ब्लॅक मेटलकडून पंककडचा हा बदल आधी ड्रमवर ऐकू येतो. ब्लॅक मेटलच्या ब्लास्ट बीट या ठेक्यात बास ड्रम (पायाने वाजणारा) आणि स्नेअर (हाताखालचा करकरीत ड्रम) एकाआड एक, सारख्या अंतराने आणि अतिवेगाने पडतात. ऐकणाऱ्याला तो वेग एका जागी थांबल्यासारखा वाटतो. डिस्चार्जच्या नावावरून ओळखला जाणारा पंकचा ठेका, डी-बीट, मात्र चालतो, ढकलतो. एका आवर्तनाचे आठ भाग धरा: बास, रिकामा, स्नेअर, बास, रिकामा, बास, स्नेअर, रिकामा. हाय-हॅट किंवा क्रॅश या झांजा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या भागावर. घोटाळा होतो तो पाचव्यावर. तिथे हात झांजेवर पडतो आणि पाय मात्र थांबलेला हवा. सवयीने पाय हाताबरोबर पडला, की सगळा झोक जातो आणि उरते लग्नाच्या बँडची चाल. उपाय कंटाळवाणा आहे. मेट्रोनोम (लय मोजणारे यंत्र) मिनिटाला १०० ठोक्यांवर लावा, दोन मिनिटे न चुकता वाजले तरच पाचने वाढवा आणि १७०-१८० वर थांबा. त्यापुढे सहाव्या भागावरचा बास दबतो. डबल पेडल (बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचे) लागत नाही. या ठेक्यासाठी घेतलेच असेल, तर दुकानदाराचा फायदा झाला.

गिटारवर पोरांचा अडथळा उलटा असतो. ब्लॅक मेटलमध्ये एक-दोन तारांवर पिक वर-खाली सतत फिरते, ट्रेबल (वरचे स्वर) चढवलेला असतो, डिस्टॉर्शन (आवाजाची खरखर) भरपूर असते आणि स्वर एकमेकांत मिसळलेलेच हवे असतात. तेच सेटिंग पंकच्या रिफला (गिटारच्या फिरून येणाऱ्या तुकड्याला) लावले, की चिखल. इथे पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांवरचे जोडस्वर) झपाझप बदलतात आणि प्रत्येक आघात सुटा ऐकू यावा लागतो. गेन (खरखर वाढवणारे बटण) दहापैकी चार-पाचवर आणा, मिड (मधले स्वर) सहा-सातवर, आणि पिक फक्त खाली मारा. १४० च्या लयीत हात तापू द्या, मग वाढवा. मनगट सैल ठेवले नाही तर दुसऱ्या गाण्यातच कोपरापर्यंत भरून येते. जाडपणा हवा असेल तर गेन वाढवू नका, तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. साध्या ई ट्यूनिंगला ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या तारांचा संच पुरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसल्या नाहीत, तर त्या लवकर गंजतात.

बास गिटार या संगीतात लपवायची नसते. मोटरहेडचा लेमी बासवर कॉर्ड वाजवायचा, आणि तेही मिड चढवून, लो (खालचे स्वर) उतरवून. लो चढवलात तर बास ड्रम गिळला जातो.

रेकॉर्डिंगला तीन माइक पुरतात: एक वरून, एक बास ड्रमजवळ, एक स्नेअरजवळ. डार्कथ्रोननेही २००६ ला स्वतःच्याच साधनांवर रेकॉर्डिंग केले. मात्र वरचा माइक झांजांच्या फार जवळ आला तर बाकी काही ऐकू येत नाही. तो वादकाच्या डोक्यामागे सरकवून बघा. खोलीला गोधड्या लावल्याने गुंज कमी होते, भिंतीपलीकडचा आवाज फारसा कमी होत नाही. दार-खिडक्यांच्या फटी बुजवल्या तर जरा फरक पडतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तेव्हा ड्रम संध्याकाळीच आटोपा.

लेखाच्या शेवटी या बँडला कोल्हापुरात बोलवावे, अशी सूचना आहे. सूचना छान, पण हे दोघे गेली कित्येक वर्षे मंचावर वाजवतच नाहीत. आयोजकांनी प्रायोजकांकडे जाण्याआधी तेवढे ध्यानात घ्यावे. शिवाय लेखातील चौकटीत २००६ आणि २०१३ चे अल्बम उलटसुलट छापले गेले आहेत. ती दुरुस्ती पुढच्या रविवारी द्यावी, ही विनंती.

आपले,
काही मेटल वादक व श्रोते
कोल्हापूर